श्वास कसा चालतो?

(वळसंग येथील प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आजचा विषय आम्ही काढलेला नाही, तो तुम्हीच काढला आहे. मागच्या आठवड्यात आपण फळ्यावर 'श्वास' हा शब्द लिहिला. जोडाक्षर अवघड, बऱ्याच जणांना पाटी दोनदा पुसावी लागली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका मावशींनी विचारले, "गुरुजी, लिहायला जमलं, पण हा श्वास जातो कुठं? पोटात की छातीत?" काही मंडळी हसली. हसण्यासारखे त्यात काही नव्हते. श्वास घेताना पोट फुगते हे मावशींनी नीट पाहिले होते, म्हणून तर त्यांना शंका आली. हवा पोटात जात नाही, छातीतच जाते. मग पोट का फुगते? तेही आज सांगणार आहोत.

आपल्या गावात पुष्कळ घरांत कानडी बोलतात. कानडीत श्वासाला 'उसिरु' म्हणतात, आणि जिवालाही 'उसिरु'च म्हणतात. मराठीत 'प्राण' या शब्दाचे तसेच आहे. अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून दोनचार दिवस. हवेवाचून मात्र काही मिनिटेच. म्हणून जुन्या लोकांनी श्वास आणि जीव यांना एकच शब्द दिला असेल तर नवल नाही.

आधी एक हिशेब करू. नाही तर गणिताचा तास बुडाला म्हणाल. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून एक मिनिटभर आपले श्वास मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात. आपण पंधरा धरू. पंधराला साठने गुणले की तासाचे ९०० झाले. त्याला चोवीसने गुणा. २१,६०० झाले ना? जुन्या योगग्रंथांतही दिवसाच्या श्वासांचा हाच आकडा दिलेला आहे. एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे दिवसाला १०,८०० लिटर. पंधरा लिटरच्या घागरीने मोजली तर ७२० घागरी झाल्या! एवढे पाणी घरात आणायचे असते तर आपण ते गाळून घेतले असते, कुठून आणले ते विचारले असते. हवेच्या बाबतीत आपण काही विचारत नाही. ती आपली आपण येते ना, म्हणून.

हवा गाळण्याची सोय देहातच केलेली आहे. ती नाकापासून सुरू होते. नाकातले केस जाड धूळ अडवतात. आतली ओलसर त्वचा बारीक धूळ चिकटवून घेते. थंडीत बाहेरची हवा गार असते, ती नाकातून जाता जाता कोमट होते; उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी ठाक असते, ती ओलसर होते. तोंडाने श्वास घेतला तर यातले बरेचसे घडत नाही. रात्री तोंड उघडे टाकून झोपणाऱ्याचा घसा सकाळी सुकलेला असतो तो यामुळेच.

नाकाच्या मागे घसा. इथे एक अडचण आहे. हवेची वाट आणि घासाची वाट इथे एकत्र येतात आणि पुढे पुन्हा वेगळ्या होतात. हवेची नळी पुढे, अन्नाची नळी मागे. म्हणजे गिळलेला प्रत्येक घास हवेच्या नळीच्या तोंडावरून पलीकडे जातो. तो चुकून आत पडू नये म्हणून तिथे पानासारखी एक झडप असते. आपण गिळतो तेव्हा गळ्यातली घाटी वर उचलली जाते आणि झडप नळीवर झाकण घालते. बोट गळ्यावर ठेवा आणि आवंढा गिळा. घाटी वर सरकली? झाकण बसले म्हणून समजा. पुष्कळांना वाटते की पडजीभ हे काम करते. तसे नाही. पडजीभ टाळूला लोंबते. ही झडप तिच्या खूप खाली, डोळ्यांना दिसत नाही. जेवता जेवता बोललो किंवा हसलो की झाकण वेळेवर बसत नाही आणि ठसका लागतो. आजी म्हणते कोणी तरी आठवण काढली. आठवण काढली असेलही. पण शिताचा कण वाट चुकला हे नक्की.

ही घाटी म्हणजेच स्वरयंत्र. त्यात दोन पडदे असतात. बाहेर जाणाऱ्या हवेने ते थरथरतात आणि आवाज निघतो.

घाटीच्या खाली श्वासनळी. लांबीला सुमारे चार-साडेचार इंच, जाडीला अंगठ्याएवढी. विहिरीवर मोटर बसवलेल्यांना आम्ही विचारतो, पाणी ओढणारा पाइप नुसत्या मऊ रबराचा चालतो का? चालत नाही. पाणी ओढताना तो चपटा होईल. म्हणून त्यात तारेचे कडे असते. श्वासनळीतही तसेच आहे. मऊ हाडाची सोळा ते वीस कडी एकाखाली एक बसवलेली असतात. कडी पूर्ण गोल नसतात, घोड्याच्या नालासारखी मागे उघडी असतात, कारण मागे अन्ननळी टेकलेली आहे. मोठा घास उतरताना तिला फुगायला जागा पाहिजे.

पुढे श्वासनळीला दोन फांद्या फुटतात, एक उजव्या फुप्फुसाला, एक डाव्याला. उजवी फांदी जरा रुंद, आखूड आणि सरळ खाली गेलेली असते. डावी आडवी वळते, कारण त्या बाजूला हृदयाला जागा द्यायची असते. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन, तेही त्याच कारणाने. ही नुसती पाठ करायची माहिती नाही. सोलापूर जिल्हा शेंगांचा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा. घरात शेंगदाणे सांडलेले असतात आणि रांगते मूल ते तोंडात घालते. त्याला दाढा नसतात, चावता येत नाही. खेळता हसता दाणा श्वासनळीत उतरतो आणि बहुतेक वेळा उजव्या फांदीत जाऊन अडकतो. मुलाला जोराचा ठसका लागतो, मग थोडे शांत होते, आणि घरच्यांना वाटते गेले खाली. पण दाणा आत ओलाव्याने फुगतो. दोनचार दिवसांनी ताप, खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज. अशा वेळी डॉक्टरांना 'आधी ठसका लागला होता' हे आवर्जून सांगायचे. दुर्बीण घालून दाणा काढता येतो. मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत दाण्याचा कूट करून द्या, अख्खा दाणा देऊ नका. आणि ठसका लागलेले मूल खोकत असेल तर खोकू द्या. घशात बोट घालून दाणा आणखी आत ढकलू नका. आवाजच फुटेनासा झाला, मूल निळे पडू लागले, तर मात्र त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात थापा मारायच्या आणि तसेच दवाखाना गाठायचा.

आता झाड डोळ्यांपुढे आणा. कडुलिंबाचे झाड, पण उलटे टांगलेले. खोड म्हणजे श्वासनळी, त्याला फांद्या, फांदीला डहाळ्या, डहाळीला काड्या. असे वीस-बावीस वेळा फाटे फुटत जातात. अगदी शेवटी पानांच्या जागी हवेचे बारीक फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी! त्यांची कातडी इतकी पातळ की काही ठिकाणी मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा भरत नाही. हे सारे फुगे उलगडून जमिनीवर पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील. आपल्या सोलापुरी चादरीच्या मापाने सांगतो. दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब अशा वीस-एकवीस चादरी अंगणात शेजारी शेजारी अंथरल्या, तर जेवढी जागा लागेल तेवढी. एवढे सगळे कापड घडी घालघालून या छातीच्या पेटीत बसवले आहे. विणकर मंडळींनी सांगावे, अशी घडी कोणाला घालता येईल का?

एवढी जागा कशाला लागते? देवघेवीसाठी. प्रत्येक फुग्याभोवती रक्ताच्या केसासारख्या नळ्यांचे जाळे असते. आत हवा, बाहेर रक्त, मध्ये तो पातळ पडदा. हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो, अठ्ठ्याहत्तर भाग नत्रवायू. प्राणवायू पडद्यातून रक्तात उतरतो आणि रक्तातला कर्बवायू फुग्यात येतो. एक रक्तकण तिथे पाऊण सेकंद थांबतो, तेवढ्यात त्याचा बाजार उरकतो. बाहेर टाकलेल्या हवेत प्राणवायू सोळाच भाग उरतो आणि कर्बवायू चार भागांपर्यंत चढतो. रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा जो लाल पदार्थ, त्यात लोह असते. २०२०–२१ साली करोनाच्या साथीत बोटाला चिमटा लावून आकडा पाहत होते, आठवते ना? तो आकडा म्हणजे या लाल पदार्थाच्या शंभर गाड्यांपैकी किती भरून चालल्या आहेत त्याची मोजणी. निरोगी माणसाच्या पंच्याण्णवच्या वर भरलेल्या असतात.

मावशींचा प्रश्न आता घेऊ. फुप्फुस स्वतः हलत नाही. त्याला स्नायू असे नाहीत; ओल्या स्पंजासारखे ते असते. त्याला हलवतो दुसराच. छाती आणि पोट यांच्या मध्ये स्नायूचा एक पडदा आडवा ताणलेला आहे, घुमटासारखा वर उचललेला. श्वास घेताना हा घुमट खाली दबतो, बरगड्या वर आणि बाहेर उचलल्या जातात, छातीची पेटी मोठी होते आणि हवा आत ओढली जाते. लोहाराचा भाता उघडला की हवा कशी आत येते? तेच. आता घुमट खाली दबला की त्याच्या खालची आतडी कुठे जाणार? ती पुढे सरकतात, म्हणून पोट फुगते. आम्ही बाटली आणली आहे. तिचा तळ कापून तिथे रबरी फुग्याचा तुकडा ताणून बांधला आहे, आणि तोंडातून आत एक छोटा फुगा सोडला आहे. तळाचे रबर खाली ओढा. आतला फुगा कोणी न फुंकता फुगला. बाटली ही छाती, तळाचे रबर हा पडदा. सगळ्यांनी एकेकदा करून पाहा. पण ओढून तोडू नका, एकच आहे.

श्वास कधी घ्यायचा हे मेंदूच्या बुडाशी असलेले ठाणे ठरवते. आता एक गंमत पाहा. प्राणवायू कमी झाला हे या ठाण्याला उशिरा कळते. कर्बवायू वाढला की मात्र लगेच कळते. श्वास रोखून धरला की जीव घाबरा होतो तो कर्बवायूमुळे. आपली मुले उन्हाळ्यात विहिरीत सूर मारतात. जास्त वेळ बुडी टिकावी म्हणून काही पोरे आधी भराभर दहा-वीस श्वास घेतात. त्याने कर्बवायू निघून जातो, पण प्राणवायू फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली जीव घाबरा होतच नाही आणि पोरगे वर यायच्या आधीच बेशुद्ध होते. चांगले पोहणारेसुद्धा असे बुडतात. घरी गेल्यावर मुलांना हे सांगा.

विहिरीवरून पेवाची आठवण झाली. आपला जिल्हा ज्वारीचा. जुन्या वाड्यांत जमिनीखाली पेव असे. त्यात ज्वारी भरून तोंड लिंपून टाकत. ज्वारीचा दाणा मेलेला नसतो, बरं का. तोही श्वास घेतो. महिनोन्महिने बंद पेवात तो प्राणवायू वापरतो आणि कर्बवायू सोडतो. हा वायू हवेहून जड, म्हणून तळाशी साचतो. म्हणून जाणती माणसे पेव उघडले की लगेच उतरत नसत. तोंड उघडे ठेवत, मग कंदील दोरीने आत सोडत. कंदील विझला की उतरायचे नाही. पद्धत शहाणपणाची होती. पण कंदील जळत राहिला म्हणजे सगळे ठीक, असे मात्र नव्हे. दिव्याला पुरते तेवढी हवा माणसाला पुरेलच असे नाही. आणि शेणगॅसच्या किंवा संडासाच्या टाकीत कंदील, काडी काही नेऊ नका; तिथला वायू पेट घेतो. अशा टाकीत एक जण उतरतो, एका-दोन श्वासांत खाली कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. वर्तमानपत्रात अशी बातमी येते तेव्हा बहुधा दोन-तीन नावे एकदम असतात. संरक्षक साधनांवाचून माणसाला मैल्याच्या टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी मजुरी वाढवून देतो म्हणाला, तरी उतरू नका.

आता पुन्हा गाळणीकडे येऊ, कारण खरे सांगायचे ते इथेच आहे.

नाकातून सुटलेली धूळ श्वासनळीच्या भिंतीला चिकटते. त्या भिंतीवर बारीक केसांचा गालिचा असतो. शेतात वाऱ्याने ज्वारीचे पीक डोलावे तसे हे केस एका सेकंदात दहा-बारा वेळा हलतात, आणि सगळे एकाच दिशेने, वर. चिकटलेली घाण ते घशाकडे ढकलत आणतात. आपण ती नकळत गिळून टाकतो. रात्रंदिवस हे झाडणे चालू असते. त्याहून मोठी घाण आली की खोकला. म्हणजे खोकला हा काही शत्रू नव्हे, तो झाडूवाला आहे. पण झाडूवाला रोज दारात येऊन ओरडू लागला तर घरात काय साचले आहे ते पाहायला हवे.

धुराने हे केस आधी सुस्तावतात, मग झडतात. बिडी ओढणाऱ्याला सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ येते. का? रात्रभर धूर नव्हता, केस जरा जागे झाले, साचलेले वर ढकलू लागले. मग तो म्हणतो, "एक बिडी ओढली की खोकला बसतो." बसतो खरा, कारण केस पुन्हा झोपतात. बिडी सिगरेटपेक्षा सौम्य असते, पानाची असते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. तसे मुळीच नाही. बिडी विझू नये म्हणून झुरका जोरात आणि वरचेवर घ्यावा लागतो, आणि धूर खोल जातो.

हे बोलताना आम्हांला ठाऊक आहे की समोर बिड्या वळणाऱ्या भगिनी बसल्या आहेत. सोलापूरच्या वाटेवर कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत २००६ साली उभी राहिली, ती बिडी कामगार बायांचीच. २०२४ साली जवळच रे नगरची घरे मिळाली. हजारो चुली या धंद्यावर पेटतात. तुमच्या पोटावर पाय आणायला आम्ही आलो नाही. पण सूप मांडीवर, त्यात तंबाखू, त्याच खोलीत स्वयंपाक आणि त्याच खोलीत झोपलेले लेकरू, हे बदलता येईल. तंबाखूची भुकटी चाळायची ती बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून. खोली झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायची. लेकरू सुपापासून लांब झोपवायचे.

गिरणीतल्यांचे दुखणे वेगळे. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली. तिला लोक जुनी गिरणी म्हणत. ती १९६३ साली बंद पडली. कापूस पिंजायच्या आणि सूत कातायच्या खात्यात हवेत तंतू तरंगत. त्याने होणाऱ्या रोगाची एक खूण आहे. सुट्टीच्या दिवशी बरे वाटते, आणि सुट्टीनंतर कामावर गेल्या दिवशीच छाती आवळल्यासारखी होते. लोक म्हणत, आळस चढला. आळस नव्हे तो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी तिथल्या गिरणी कामगारांत या रोगाचा अभ्यास केला होता. आजही सूतगिरणीत कामाला जाणाऱ्यांनी ही खूण लक्षात ठेवावी आणि डॉक्टरांना नेमका वार सांगावा.

आणि चूल. यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत, कारण बाईमाणसाचा खोकला घरात कोणी मोजत नाही. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात त्याही ओल्या. खिडकी नसलेली खोली. आणि फुंकणी घेऊन चुलीशी वाकलेली बाई. फुंकून झाल्यावर ती पुढचा श्वास कुठला घेते? चुलीतलाच. ज्वारीच्या भाकरीला जाळ मोठा लागतो, म्हणून आपल्याकडे धूरही जास्त. आयुष्यात एकदाही बिडीला हात न लावलेली बाई पन्नाशीला जिना चढताना धापा टाकते. घरचे म्हणतात, वय झाले. वय नव्हे, वीस चादरींतल्या काही चादरी धुराने जळाल्या आहेत. फुगे फाटतात, दोन-चार फुग्यांचा मिळून एक ढिला फुगा होतो, आणि देवघेवीची जागा कमी होते. फाटलेले फुगे औषधाने पुन्हा विणले जात नाहीत. उरलेले मात्र वाचवता येतात. धूर सोडला की ऱ्हास मंदावतो, कोणत्याही वयात.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅसची टाकी पुष्कळ घरांत पोचली. पण टाकी संपली की दुसरी भरायला पैसे लागतात. म्हणून वरणभात गॅसवर आणि भाकरी, अंघोळीचे पाणी चुलीवर, असे चालते. आम्हांला त्यात बाईचा दोष दिसत नाही. आमचे म्हणणे पुरुष मंडळींना आहे. अंघोळीची चूल घराबाहेर काढणे हे एका सकाळचे काम आहे. छपराला धूर जायला भोक पाडणे हेही तसेच. आणि टाकीचे पैसे बाजूला काढताना आधी बिडीच्या बंडलाचा हिशेब मांडा. या वर्गात आता बेरीज येते सगळ्यांना.

दम्याचे थोडक्यात सांगतो. दम्यात नळ्या आवळतात आणि औषधाने पुन्हा सैल होतात. तोंडाने ओढायच्या औषधाला आपण पंप म्हणतो. पंपाची सवय लागते, पोराचे लग्न जमणार नाही, असे म्हणून लोक तो लपवतात आणि गोळ्या गिळत बसतात. पंपातले औषध अगदी थोडे असते आणि थेट नळीवर पडते. गोळी साऱ्या अंगभर फिरते. सवय वगैरे काही नाही.

लपवण्यावरून क्षयाचे आठवले. आमच्या माहितीतले एक गृहस्थ चार महिने खोकत होते. मुलीची सोयरीक ठरलेली. क्षय निघाला तर मोडेल, म्हणून तपासायला गेले नाहीत. संध्याकाळी कणकण, वजन उतरलेले, तरी 'हवा बदलली' म्हणत राहिले. तेवढ्या काळात बायकोला झाला आणि ज्या मुलीसाठी लपवले तिलाही झाला. तिघांनी औषध पुरे केले, तिघे बरे झाले. लग्न वर्षभर लांबले, पण झाले.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडला. त्याच्या आधी लोक शाप म्हणत, घराण्याचा दोष म्हणत. हा जंतू खोकल्याबरोबर हवेत येतो आणि दुसऱ्याच्या श्वासातून आत जातो. ताटवाटीतून जात नाही; म्हणून रोग्याचे ताट वेगळे मांडण्यात काही अर्थ नाही, खिडकी उघडण्यात आहे. पूर्वी ऐपत असलेले लोक रोग्याला मिरजेजवळ वानलेसवाडीला ठेवत. नसलेले घरीच झिजत. १९५६ साली मद्रासला एक पाहणी सुरू झाली. काही रोग्यांना रुग्णालयात ठेवले, काहींना घरी ठेवून तेच औषध दिले. घर लहान, खाणे बेताचे. तरी घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना क्षय जास्त झाला असेही दिसले नाही. तेव्हापासून जगभर घरी ठेवून उपचार होऊ लागले.

दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासायचा. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत. आता तपासणीची यंत्रेही चांगली आली आहेत. त्यांतले एक तर गोव्यात तयार होते, आणि काही तासांत निकाल मिळतो. साध्या क्षयाला सहा महिने औषध लागते. दीड-दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. मग अर्धमेला जंतू पुन्हा उठतो आणि जुन्या औषधाला दाद देत नाही. सहा म्हणजे सहा. उपचार चालू असेपर्यंत खाण्यासाठी सरकार रोग्याच्या खात्यात पैसे भरते. २०१८ साली महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. अर्ज कसा लिहायचा ते पुढच्या धड्यात घेणार आहोत, म्हणजे दुसऱ्याकडे कागद न्यावा लागणार नाही.

आता थोडा वेळ उरला आहे. डॉक्टरांच्या गळ्यातली नळी १८१६ साली लाएनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शोधली. स्त्री रोग्याच्या छातीला कान लावणे त्याला संकोचाचे वाटले, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली आणि तिला कान लावला. आवाज नुसत्या कानापेक्षा स्पष्ट आला. तो स्वतः पुढे क्षयानेच गेला, १८२६ साली. तर तुमच्याकडे जुन्या वहीचा पुठ्ठा आहे. त्याची घट्ट सुरळी करा. बायांनी बायांचे, पुरुषांनी पुरुषांचे, पाठीवर खांद्याच्या हाडाखाली सुरळी टेकवून ऐका. ज्याचे ऐकायचे त्याने तोंड उघडून सावकाश श्वास घ्यायचा. कडुलिंबाच्या पानांतून वारा जावा तशी सळसळ ऐकू येईल. कोणाच्या छातीत शिट्टी किंवा खरखर वाजली तर हसू नका. आम्हांला सांगा, उद्या सकाळी दवाखान्यात बरोबर जाऊ. पंखा बंद करा, म्हणजे नीट ऐकू येईल.